झोका मरतो की वाढतो

तेर
ता. ११ नोव्हेंबर १९४३

चि. विरुपाक्षास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं दिवाळीचं पत्र पोचलं. तू आला न्हाईस म्हणून सासूबाई अजून फुगून बसल्यात. म्हणतात, हैदराबादेत असं काय शिकतोय की सणाला बहिणीचं दार दिसंना.

हे पत्र माझं न्हाय, तुझ्या दाजींचं हाय. ते सांगतात आन मी लिहिते. त्यांना कानडी येतं, मोडी येते, पण बाळबोध वाचता येत न्हाय, लिहायला बसले की टाक मोडतात.

औंदा यांनी आन यांचे चुलतभाऊ महालिंगप्पा भावजी यांनी भागीत कापसाची जीन घातली, हे तुला ठाऊक हाय. बार्शीच्या एका बंद पडलेल्या जिनीतलं तेलाचं इंजन उचललं. ठेसनावरनं पेठेत आणताना निम्मं तेर मागनं चालत होतं. त्या दिवसापासनं तुझे दाजी घरात नुसते जेवायला येतात. सगळं इंजन उघडलं, रॉकेलनं धुतलं, चिंचेनं तांबं घासावं तसं घासलं. सासूबाई म्हणल्या, "माणिकप्पा, लग्नात नवरीकडं बी इतकं बघितलं न्हाईस रे."

आता खरी गोष्ट. इंजन एका चालीवर चालंना. पळतं पळतं, मग धाप लागल्यावानी मंद होतं, विझतंय की काय वाटतं, आन पुन्हा पळतं. वर दोन लोखंडी गोळे फिरतात, त्याला हे गव्हर्नर म्हणतात. इंजन जोरात गेलं की गोळे वर उठतात आन तेल तोडतात; मंद झालं की खाली येतात आन तेल सोडतात. आमचे गोळे सारखे वरखाली नाचत्यात. त्या हिसक्यांनी सरकी काढायच्या रेच्यांचे पट्टे निसटतात. गव्हर्नरची जुनी स्प्रिंग मोडली होती. लढाईमुळं नवी मिळंना, म्हणून इथल्याच लोहारानं एक वळून दिलीय.

भावजी म्हणतात, इंजनाला दृष्ट लागली, लिंबू बांधा. हे म्हणतात, "लिंबू बांध, पण विरुपाक्षाला बी लिही. त्याच्या पुस्तकात औषध असंल."

तुझी अक्का


हैदराबाद
ता. २० नोव्हेंबर १९४३

ती. अक्कास आणि दाजींना विरुपाक्षाचा शरणार्थ.

पत्र वाचून मी खोलीत एकटाच हसलो. सगळं वर्ष आम्ही जे फळ्यावर शिकतोय, ते दाजींच्या जिनीत घडतंय!

दाजी, इंजनाला दृष्ट लागलेली नाही आणि तुमचा गव्हर्नर आळशीही नाही. तो अति उत्साही आहे. चाक जोरात गेलं की तो तेल तोडतो. पण चाक जड, लगेच मंद होत नाही, तोवर हा आणखी तोडत राहतो. चाक हव्या त्या चालीवर येतं तेव्हा तेल नको तितकं तुटलेलं असतं, म्हणून ते आणखी खाली जातं. मग हा घाबरून तेल सोडतो, तेही नको तितकं. असा झोका सुरू होतो. थोडं तर प्रत्येकच इंजन डुलतं. प्रश्न एवढाच असतो, की झोका आपोआप मरतो की वाढत जातो. मेला तर इंजन पायदार. आमचे प्रोफेसर साहेब उर्दूत शिकवतात, त्यांचा हा शब्द. वाढला तर ते कधीतरी स्वतःलाच मोडणार.

आणि हे इंजन चालवून बघायच्या आधी कागदावर कळतं. दोन पारडी समजा. एकात तीन गोष्टी: मोठ्या चाकाचं जडपण, स्प्रिंगचा ताठपणा, आणि गव्हर्नरच्या हालचालीला होणारा अडथळा. दुसऱ्यात दोन: गोळ्यांचं वजन, आणि गोळे जरा हलले की किती तेल तुटतं तो तिखटपणा. प्रत्येक पारड्यातल्यांचा गुणाकार करायचा. पहिलं भारी तर झोका मरतो. दुसरं भारी तर वाढतो. बस्स.

आता एक विचारतो. गव्हर्नरला चिकटून एक तेलाची डबी असेल, आत दट्ट्या वरखाली होतो. दाजींनी ती धुऊन तिच्यात काय भरलं?

सोबत मापं कोणकोणती हवीत ते लिहिलंय. सगळी पाठव.

विरुपाक्ष


तेर
ता. २ डिसेंबर १९४३

चि. विरुपाक्षास आशीर्वाद.

तुझं पत्र मी यांना जेवताना वाचून दाखवलं. डबीचा मजकूर आला तसा यांनी घास ताटात ठेवला. म्हणले, "आगं, त्यात काळं डिंकावानी तेल होतं. घाण म्हणून मी काढून टाकलं आन पातळ रॉकेल भरलं. गोळे कसे हलके फिरावेत म्हणून!" आन कपाळावर हात मारून हसायला लागले. सासूबाईंना वाटलं ठसका लागला.

मापं घ्यायला मला जिनीत नेलं, कारण आकडे मीच लिहायचे. इंजनघरात मी पहिल्यांदाच गेले. मोठं चाक माझ्या डोक्याच्या वर हाय. गोळे काढून आडतीच्या काट्यावर तोलले, तिथला हमाल विचारतो, "मालक, हा कंचा माल?" हे म्हणले, "हैदराबादला धाडायचाय, इलाजाला."

मापं सोबत हायेत. दोनदा घेतलीत. हे म्हणतात, अडथळा काढायला मी आठ दिवस राबलो आन तूच म्हणतोस अडथळा पायजे. असलं शिक्षण आम्हाला आधी कुणी दिलं न्हाय.

बेंबळीहून आपले काका आले होते. म्हणले, आई असती तर तुझं पत्र पदरात बांधून फिरली असती. मी म्हणलं, मी फिरतेच की.

तुझी अक्का


हैदराबाद
ता. १४ डिसेंबर १९४३

ती. अक्कास आणि दाजींना शरणार्थ.

गणित झालं. सध्या दुसरं पारडं भारी आहे, म्हणून झोका वाढतोय. पण फार नाही. दोन गोष्टी करा. डबीत रॉकेलऐवजी एरंडेल भरा, घट्ट असलेलं. आणि लोहाराकडून स्प्रिंग आणखी ताठ करून घ्या. किती, ते खाली लिहिलंय. दोन्ही केलंत तर पहिलं पारडं चांगलं खाली जातं.

दाजी, तुमचं नशीब म्हणजे तुमचं मोठं चाक. ते इतकं जड नसतं तर एरंडेलानंही भागलं नसतं. म्हणून एक विनंती. हे गणित याच चाकाचं, याच गोळ्यांचं आहे. काही बदललं तर आधी मला कळवा.

प्रोफेसर साहेबांना तुमची मापं दाखवली. म्हणाले, "ये किसने नापा? बहुत साफ काम है." मी म्हटलं, माझ्या अक्कानं.

विरुपाक्ष


तेर
ता. ३० डिसेंबर १९४३

चि. विरुपाक्षास अनेक आशीर्वाद.

चाललं रे! येळवशीच्या सणाच्या आदल्या दिवशी एरंडेल घातलं, स्प्रिंग बसवली. इंजन सुरू केलं तसं गोळे वर गेले, एकदा डुलले, दुसऱ्यांदा थोडं कमी, आन मग थांबले. म्हणजे फिरत होते, पण एका जागी. हे तिथंच खाली बसले. भावजी म्हणले, "माणिकप्पा, काय झालं?" तर हे बोटानं गोळे दाखवतात.

येळवशीला सगळी शेतावर गेलो. भज्जी, आंबील, सगळं झालं. शेतातल्या पांडवांच्या दगडांपुढं नैवेद्य ठेवताना यांनी एक पान वेगळं काढलं. सासूबाई म्हणल्या, हे कुणाचं? "विरुपाक्षाचं," म्हणले. "तो इथं नसून त्यानं माझी जीन चालवली." आन तुझ्या वाटणीची आंबील स्वतःच प्याले.

आता परगावचे लोक कापूस घेऊन येत्यात. हे प्रत्येकाला गोळे दाखवतात आन तुझं नाव सांगतात. कुणाला काही कळत न्हाय, पण माना हलवतात.

तुझी अक्का


हैदराबाद
ता. १८ जानेवारी १९४४

ती. अक्कास शरणार्थ.

तिळगूळ पोचला, अर्धा चुरा झाला होता, चुऱ्यासकट खाल्ला. परीक्षा मार्चच्या शेवटी. आता पत्रं कमी येतील. दाजींना सांग, परीक्षेत हा विषय आला तर मी तुमचंच इंजन काढून दाखवणार आहे. त्यांनी शिकवलं नसतं तर मी बेंबळीला काकांच्या दुकानात गूळ तोलत बसलो असतो.

विरुपाक्ष


तेर
ता. ४ फेब्रुवारी १९४४

चि. विरुपाक्षास आशीर्वाद.

इथं समदं ठीक. कापसाच्या गाड्या रस्त्यापर्यंत उभ्या हायेत, हंगाम जोरात हाय. हे थकून येतात. तब्येतीला जप, तूप पाठवलंय.

वर एक ओळ खोडलीय, ती वाचायला जाऊ नको. एक गोष्ट लिहायची होती, पण हे नको म्हणले. म्हणतात, "परीक्षा होऊ दे. आताच त्याच्या डोक्याला घोर नको. झाल्यावर सांगू." मी म्हणलं, तो रागवंल. तर म्हणले, "रागवू दे की. मेव्हण्याचा राग गोड असतो."

तुझी अक्का


हैदराबाद
ता. १३ फेब्रुवारी १९४४

माझी अक्का,

खोडलेली ओळ मी वाचली नाही. वाचायची गरजच नाही! लग्नाला इतकी वर्षं झाली, सासूबाईंनी नवसाचा एक देव ठेवला नाही, आणि आता दाजी म्हणतात "घोर नको", "झाल्यावर सांगू". मी काय कुकुलं बाळ आहे, कळायला?

कळलं, आणि मी काल रात्री खोलीतल्या दोघांना जिलेबी चारली. कशाची म्हणून विचारलं तर सांगितलं नाही. दाजींचा शब्द मोडणार नाही. मी अभ्यास करीन, अगदी शहाण्यासारखा करीन. पण तू पाण्याच्या घागरी उचलू नकोस, आणि जिनीत त्या आवाजात अजिबात जाऊ नकोस.

दाजी, नाव मी ठेवणार. मामाचा हक्क.

विरुपाक्ष


तेर
ता. ६ मार्च १९४४

चि. विरुपाक्षास आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, घरात पावणेरावळे होते.

तू समजलास तसं काही न्हाय. ती ओळ दुसऱ्याच कामाची होती. वाईट वाटून घेऊ नको.

हे म्हणतात, अभ्यासात लक्ष दे. हे म्हणतात, पेपर लिहिताना घाई करू नको, आधी सगळा वाच. जीन औंदा लवकर बंद केलीय.

तूप आणखी पाठवते.

तुझी अक्का


हैदराबाद
ता. ३१ मार्च १९४४

ती. अक्का आणि दाजींना शरणार्थ.

परीक्षा संपली! आणि ऐका: गव्हर्नरचा प्रश्न आला. दिलेलं यंत्र पायदार आहे की नाही ते ठरवा, नसेल तर काय बदलाल ते सांगा. मी हसू दाबत लिहिलं. शेवटी प्रोफेसर साहेबांनी तोंडी परीक्षेत विचारलं, "सिर्फ किताब पढी है या कभी देखा भी है?" मी तेरचं सगळं सांगितलं. एरंडेलाचंसुद्धा. ते इतके हसले की शेजारच्या खोलीतून लोक बघायला आले.

अक्का, मी रुसलोय मात्र. दाजींचा एक शब्द नाही किती दिवसांत. तुझ्या पत्रात "हे म्हणतात" असतं, पण ते दाजींसारखं बोलत नाहीत. पेपर सावकाश लिही, हे दाजी सांगतील? ते म्हणाले असते, लिही धडाक्यात. रागावलेत का, मी मामा-मामा केलं म्हणून? माझी चूक झाली, अक्का. तुझ्या जिवाला काय वाटलं असेल. दाजींना सांग, कानडीत का होईना, स्वतःच्या हातानं एक ओळ लिहा.

येत्या आठवड्यात गाडीत बसतो. कुर्डुवाडीला गाडी बदलून सरळ तेर. ठेसनावर दाजींनी यावं.

विरुपाक्ष


तेर
ता. ५ एप्रिल १९४४

विरुपाक्ष,

तू गाडीत बसायच्या आधी हे पत्र पोचावं म्हणून भावजींना ढोकीला पाठवून टपालात टाकतेय. उभा असशील तर बस.

तुझे दाजी न्हाईत. शिवरात्रीच्या आधी, जिनीत, मोठं चाक फुटलं. ते तिथंच गेले.

भावजी तारघराकडं निघाले होते, मी त्यांच्या वाटेत उभी राहिले. तुझ्या परीक्षेआधी तुझ्या कानावर काही घालायचं न्हाय, हा त्यांचा शब्द होता. तो शब्द चाकाबद्दल होता, त्यांच्याबद्दल नव्हता, हे मला कळत होतं. पण माझ्यापाशी त्यांचा तेवढाच एक शब्द शिल्लक होता, तो मी पाळला.

खोडलेली ओळ अशी होती. जुन्या चाकाला मधल्या दांड्यापाशी तडा दिसला. भावजींनी बार्शीहून दुसरं चाक आणलं; ते जुनं, हलकं होतं. गाड्या दारात उभ्या होत्या, लोकांचा कापूस उघड्यावर. हे म्हणले, "विरुपाक्षाला विचार." मी लिहिलं, "चाक बदललंय, आधीच्या पाऊणपट बी न्हाय, चालंल का?" लिहून झालं तसं म्हणले, "थांब. खोड ते. हे वाचलं तर तो पुस्तकं टाकून माझंच गणित करत बसंल. त्याचं वरीस जाईल. एरंडेल हाय, स्प्रिंग ताठ हाय, महिनाभर निघंल." मी खोडलं.

ठेसनावर कुणी येणार न्हाय. तू ये.

अक्का


हैदराबाद
ता. १३ एप्रिल १९४४

अक्का,

पत्र मिळालं तेव्हा वळकटी बांधून तयार होती. ठेसनापर्यंत गेलो. गाडी लागली, लोक चढले, आणि मी बाकावर बसून राहिलो. गाडी गेली. कुठल्या तोंडानं येऊ?

परत येऊन तुझ्या मापांचा कागद काढला. चाकाच्या जागी पाऊणपट धरला. पहिलं पारडं वर गेलं. एरंडेल, ताठ स्प्रिंग, काही पुरत नाही. झोका वाढतो. हे गणित करायला मला जेवायला लागतो तितका वेळ लागला, अक्का. वरीस नसतं गेलं. एक सकाळसुद्धा नसती गेली. मी तार केली असती, "इंजन बंद." दोन शब्द.

तू ती ओळ का खोडलीस? ते सांगत होते, पण लिहीत तू होतीस. त्यांना थोडंच वाचता आलं असतं, तू खोडलं की नाही ते. दुसऱ्या एखाद्या वाक्यावर रेघ ओढली असतीस. लहानपणी मला मारापासून वाचवायला तू किती खोटं बोलली आहेस! एवढं एक खोटं तुला जमलं नाही?

आणि नंतर जमलं. "हे म्हणतात, अभ्यास कर." कोण म्हणत होतं? मी माती दिलेल्या माणसाशी रुसत होतो. जिलेबी वाटली मी. माझं ते पत्र तू कसं वाचलंस?

मला सगळं सांग. काय झालं, कसं झालं. त्याशिवाय मला येता येणार नाही.

विरुपाक्ष


तेर
ता. २२ एप्रिल १९४४

चि. विरुपाक्षास अक्काचे आशीर्वाद.

तुझं पत्र कुणाला वाचून दाखवलं न्हाय. सासूबाईंनी विचारलं, काय लिहितोय? मी म्हणलं, येतोय.

ओळ मी खोडली. तू म्हणतोस तसं मला फसवता आलं असतं. त्यांना बाळबोध वाचता येत न्हाय, हे मला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण त्यांनी माझ्यावर डोळे मिटून सोडलेली ती एकच गोष्ट होती. ते बोलायचे, मी लिहायची, आन काय लिहिलं ते त्यांनी एकदा बी विचारलं न्हाय. ज्यानं विचारलं न्हाय त्याला कसं फसवायचं, ते मला सुचलं न्हाय. आता सुचतं. रोज सुचतं. भाकरी थापताना, केर काढताना, ती ओळ न खोडायच्या दहा तऱ्हा सुचतात. तू आणखी एक सांगितलीस.

तुझं मामाचं पत्र माती दिल्याच्या तिसऱ्या दिवशी आलं. घर बायकांनी भरलेलं. मी ते न्हाणीत जाऊन वाचलं आन तोंडात पदर कोंबला. तुझ्यावर राग आला न्हाय. मनात आलं, निदान एक माणूस अजून असा हाय ज्याच्यासाठी या घरात आनंद हाय. त्याचा तेवढा तरी मोडू नये.

"हे म्हणतात" कोण म्हणत होतं विचारतोस. मीच. टाक घेऊन बसायची आन आठवायची, आज काय म्हणले असते. मला त्यांच्यावानी बोलता आलं न्हाय, ते तू ओळखलंस. पण लिहीत असंपर्यंत ते शेजारी बसल्यावानी वाटायचं. शाई वाळली की न्हाय.

आता त्या दिवसाचं.

नवं चाक बसवल्यापासनं गोळे पुन्हा नाचायला लागले होते. आधी थोडे, मग जास्त. हे डबीत एरंडेल घालत राहिले. आदल्या दिवशी भावजींना म्हणले, "एवढ्या गाड्या निघाल्या की बंद करू. विरुपाक्षाची परीक्षा झाली की तो येऊन बघंल." भावजी व्हय म्हणले. भावजींना काही बोलू नको. ते रोज दारात येऊन बसतात आन उठून जातात.

दुपारच्या आधी मी भाकरी घेऊन गेले. सरकी वेचणाऱ्या बायका आत होत्या. मी इंजनघराच्या दारात उभी राहिले, बरोबर चाकासमोर. मला काय ठाऊक, चाकासमोर उभं राहू नये म्हणून. इंजन पळत होतं, मंद होत होतं, पळत होतं. दर खेपेला जरा जास्त. तेवढ्यात रेच्यांचा मोठा पट्टा निसटला. इंजनावरचं ओझं एकदम गेलं आन ते असं पळालं की भिंत हलायला लागली. गोळे वर जाऊन अडकल्यावानी दिसले, मग धाडकन खाली आले, आन तेल आणखी सुटलं.

बायका बाहेर पळाल्या. यांना बी पळता आलं असतं, मागचं दार त्यांच्या पाठीशीच होतं. ते तेलाची तोटी बंद करायला पुढं गेले. तोटीपाशी पोचले आन मला दारात बघितलं. तोटीवरचा हात काढून माझ्याकडं वळले, मला ढकलल्यावानी हात केला आन ओरडले. मी मागं सरले, भिंतीच्या आड. मग चाक फुटलं.

एवढंच झालं. तू गणितात शोधतोस ते असंल, मला त्यातलं कळत न्हाय. पण हात तोटीवर होता, विरुपाक्ष. मी भाकरी घेऊन गेले नसते, न्हाय तर दोन पावलं अलीकडं उभी राहिले असते, तर तोटी फिरली असती. तुझ्या गणितात मी कुठल्या पारड्यात बसते, सांग. तुला माझ्यावर ओळीसाठी रागवायचं असंल तर रागव, पण हे बी त्यात धर.

आपल्यात माणसाला बसवून माती देतात, तुला ठाऊक हाय. त्यांना बसवता आलं न्हाय. जंगम अय्यांनी पांढऱ्या कापडात सगळं गुंडाळलं, वर विभूती लावली, गळ्यात लिंग बांधलं, आन चार जणांनी धरून धरून बसवल्यावानी केलं. सासूबाई म्हणल्या, "नीट बस की रे माणिकप्पा." 

मी त्या दिवसापासनं एकदा बी मोठ्यानं रडले न्हाय. पेठेतल्या बायकांना त्याचं नवल वाटतं. त्या मला येऊन सांगतात, मालक काय ओरडले ते आम्ही बाहेरपर्यंत ऐकलं. एक जण म्हणली, तुझं भाग्य गं बाई. मला भाग्य कळंना, पण ती काय म्हणते ते कळलं. तुला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगितलं न्हाय.

घरात त्यांनी कधी माझं नाव घेतलं न्हाय. सासूबाई असायच्या, माणसं असायची. "आगं", "ऐकलंस का", एवढंच. जिनीत मात्र, मापं घ्यायला गेले त्या दिवसापासनं, मी भाकरी घेऊन दारात दिसले की ते इंजनाच्या आवाजात माझं नाव घ्यायचे. मोठ्यानं न्हाय, नुसते ओठ हलायचे. आवाजात कुणाला ऐकू जायचं न्हाय. मला बी न्हाय. मला दिसायचं. त्यासाठी मी भाकरी कुणाच्या हाती पाठवायची न्हाय, स्वतः न्यायची.

त्या दिवशी ते इंजनाच्या वर आवाज काढून ओरडले. "शिवगंगा, मागं हो!"

सगळ्या पेठेनं ऐकलं. मी बी पहिल्यांदाच ऐकलं.

तुझी अक्का